काचेतलं खापर

पारोळ्यात लग्न ठरलं की आधी भटजीला आणि मग तानुबाईला निरोप जायचा. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झेलत ती असा पातळ करायची आणि चुलीवरच्या पालथ्या मातीच्या खापरावर असा सोडायची, की बघणाऱ्याने भूक विसरावी.

१९८८ साली मुलगा सुकदेव तिला धुळ्याला घेऊन आला. दोन खोल्या, गॅसची शेगडी, चुलीचं नाव नाही. शहरातल्या नव्या संग्रहालयाने जुन्या घरगुती वस्तू मागवल्या, तेव्हा या शहाण्याने आईला न विचारता खापर देऊन टाकलं. वर म्हणाला, अडगळ गेली. तानुबाईला हे कळलं ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली तेव्हा. लेक यशोदा यायची होती, आणि आखाजीला लेकीच्या ताटात मांडा नाही तर ते माहेर कसलं? म्हातारी तणतणत संग्रहालयात गेली.

खापर काचेच्या कपाटात होतं, तोंड वर करून. खाली चिठ्ठी होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिथले प्रमुख शालिग्राम यांनी वाचून दाखवली: ‘पूर्वीच्या काळी धान्य ठेवण्याचे भांडे.’

“धान्य? भाऊ, आतली काजळी तरी देखा! हाई पालथंच ठेवतस. मांडास्नं खापर शे, मनं शे. आखाजीले माले जोयजे.”

शालिग्राम ओशाळले. माणूस भला, पण नियमाला बांधलेला. “चिठ्ठी बदलतो, अक्का. पण नोंद झालेली वस्तू दाराबाहेर जात नाही.”

तानुबाईने खिडकीतून मागचं अंगण पाहिलं.

“दाराबाहेर नही ना? मंग चूल मी आठे मांडस.”

आखाजीला शालिग्रामांनी कपाट उघडून दिलं आणि अंगणात तीन दगडांची चूल पेटली. पहिला मांडा हातावरच फाटला. मनगटांत आता जोर नव्हता; तानुबाईला सगळ्यांदेखत रडू आलं. यशोदाने पुरण भरलेला दुसरा उंडा पुढे केला. तो मात्र खापरभर पसरला. सुकदेव खाली मान घालून आमरस वाढत राहिला. शालिग्राम आधी नको नको म्हणाले आणि मग तीन मांडे खाऊन उठले.

दुसऱ्या दिवशी तानुबाईने खापर स्वतःच्या हाताने कपाटात ठेवलं, पालथं. शालिग्रामांनी नवी चिठ्ठी वाचून दाखवली: ‘पूर्वीच्या काळी मांडे भाजण्याचे खापर.’

“पूर्वीच्या काळी?” तानुबाई म्हणाली. “कालदिन तीन कोणी खादात?”

शालिग्रामांनी पेन काढलं आणि पहिले दोन शब्द खोडले.