मोटारीतला बारीक आवाज

आमची मोटार आमच्या लग्नाहून जुनी होती आणि माझ्यापेक्षा जास्त कुरकुर करायची. यवतमाळच्या एका कापूस-जिनिंगच्या मालकानं नवी घेतली तेव्हा ही जुनी आमच्या यजमानांच्या गळ्यात पडली. यजमान कळंबचे डॉक्टर. तेव्हा गावात दुसरी मोटार नव्हती, त्यामुळे आमची चांगली की वाईट हे सांगणारंही कोणी नव्हतं.

साठ साल उलटल्यावरची गोष्ट. कापूस वेचणीच्या सुमारास तिच्यात एक नवा आवाज शिरला. सकाळी गाडी चालू केली की पुढून यायचा. बारीक, लांबट, पाटीवर पेन्सिल करकरावी तसा. माझे दात आंबायचे. मी म्हटलं, "अहो, गाडी ओरडून राह्यली."

"कुठं?" म्हणाले आणि निघून गेले.

मी मनावर घेतलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. माझं बोलणं त्यांना ऐकू न येणं हा काही आजार नव्हता. तेल संपलं हे दोन-तीनदा सांगितल्याशिवाय आमच्या घरात तेल कधी आलं नाही.

गावाला मात्र आवाज ऐकू येत होता. बाजारातून गाडी गेली की निदानं सुरू. कापसाची बंडी हाकणारा म्हणाला, "चाकाले वंगन कायले नाही घालत, डागदरसाहेब?" किराणावाल्याच्या मते आत उंदीर अडकला होता. पुजाऱ्यानं चिंतामणीला नारळ फोडायला सांगितलं. हाच उपाय तो तापावरही सांगे, म्हणून यजमानांचं आणि त्याचं जुनं वाकडं होतं. यजमानांचं सगळ्यांना एकच उत्तर, "गाडी ठणठणीत आहे."

शेवटी मीच मिस्त्रीला बोलावलं. हा मूळचा विहिरीवरची तेलइंजिनं दुरुस्त करणारा. मोटारीचा भाग काढताना तो देवाचं नाव घेई, आणि बसवताना जरा जास्तच घेई. अंगणात ही गर्दी! इंजिन चालू केलं. यजमानांनी गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला, दुसरं टोक बॉनेटवर ठेवलं, डोळे मिटले आणि मोटारीची छाती तपासली.

"धडधड नियमित आहे," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

लोक हसले. मीही हसले.

तेवढ्यात मिस्त्रीनं इंजिनाचा वेग वाढवला आणि आवाज आला. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. ओसरीवरचं कुत्रं उठून चालायला लागलं. यजमान शांत उभे होते. ते गाडीकडे बघतच नव्हते. ते आमच्या तोंडांकडे बघत होते, आवाज कधी येतो ते कळावं म्हणून.

"फ्यानचा पट्टा सटकून राह्यला," मिस्त्री म्हणाला. "आत्ता बदलून देतो."

"राहू दे," यजमान म्हणाले. "तसाच राहू दे."

जेवताना त्यांनी सांगितलं, "न्यूमोनियाच्या लेकराच्या छातीत जो बारीक आवाज असते, तो याच्याहून कितीतरी हळू असते. तो मले शेवटचा कधी ऐकू आला, आठवून राह्यलो."

मी भात वाढला. आधी मला त्या लेकरांची काळजी वाटली, मग यजमानांची.

यवतमाळच्या कानाच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि धीर दिला. थेंब जास्त होते. "पाहू," एवढंच म्हणाले. पण त्या 'पाहू'ला यजमान चिकटून बसले. "ज्या दिवशी गाडीचा आवाज मले ऐकू येईन, त्या दिवसापासून लेकरं पुन्हा मी तपासीन," त्यांनी ठरवून टाकलं. तोवर छातीचं लेकरू आलं की ते यवतमाळला धाडायचे. गाव म्हणायला लागलं, डागदर भेकड झाला.

तांड्यावरची एक बाई पोराला घेऊन चालत आली होती. हात जोडून म्हणाली, "तुमीच पाहा ना, साहेब. यवतमाळले कोन हाये आमचं?" त्यांनी तिला गाडीत घातलं आणि स्वतः घेऊन गेले. गाडी ओरडत गेली ती मला वेशीपर्यंत ऐकू येत होती.

रोज सकाळी ते गाडी चालू करायचे आणि काचेतून माझ्याकडे बघायचे.

"वाजून राह्यली का?"

"वाजते."

मग मान हलवून निघायचे. अख्खा उन्हाळा असा गेला. मला त्या आवाजाचा संताप यायचा, आणि एखाद्या दिवशी तो थांबेल की काय याची धास्तीही वाटायची.

एकदा ते बसनं मारेगावला लग्नाला गेले होते. मागे मिस्त्री आला. "बाई, गाव म्हनते याले साधा पट्टा बी बदलता येत नाही. इज्जत चालली माही." मी नको नको म्हणत असताना त्यानं पट्टा बदलला आणि मोठ्या समाधानानं गेला. यजमान दमून परतले. सकाळी सांगू, असं मी ठरवलं.

सकाळी मी दारात पोचायच्या आत त्यांनी गाडी चालू केली होती. इंजिन नुसतं धडधडत होतं. त्यांनी काच खाली केली. इतक्या महिन्यांत तो चेहरा मी पाहिला नव्हता.

"आला!" ते म्हणाले. "अगं, ऐकू आला मले! बारीक आहे, पण आहे. वाजून राह्यली ना?"

ओसरीवर एक बाई लेकरू घेऊन बसली होती. लेकरू खोकत होतं. मला हो म्हणावंसं फार फार वाटलं.

"काल मिस्त्रीनं पट्टा बदलला," मी म्हटलं. इंजिन चालू होतं आणि मी हळूच म्हटलं होतं.

आमच्या सगळ्या संसारात माझं बोलणं त्यांनी पहिल्या खेपेला ऐकलं ते त्या दिवशी. त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून माझ्या हातात दिला, मागचं दार उघडलं आणि त्या बाईला म्हणाले, "बस, माय. यवतमाळले जाऊ."