व्हर्लिनच्या दाराच्या कड्या

व्हर्लिन हाउगेनने उत्तर मिनेसोटातल्या त्या गावात उभा जन्म शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर करायचं काय, म्हणून पुस्तकं वाचायला लागला आणि तिथेच बिघडला. त्याला जग बुडाल्यानंतरच्या कादंबऱ्याच तेवढ्या आवडत. सरकार घराघराला कान लावून बसलंय, पेट्रोल संपलंय, शेजारी शेजाऱ्याच्या मानेवर सुरी ठेवून डबाबंद अन्न पळवतोय, असल्या. गावातलं दुकान बंद पडो की चर्चमधली गर्दी रोडावो, हा म्हणणार, "हे सगळं पुस्तकात आहे. घोडामैदान जवळच आहे."

पलीकडच्या घरातली आर्डिस लोकेन नवरा गेल्यापासून रोज सकाळी त्याच्याकडे कॉफीला येई.

"काय रे, तुझ्या त्या पुस्तकांत शेजारीण कॉफीला येते का?" तिने एकदा विचारलं.

"छे! आली तरी चोरी करायला येते."

"मग जुळलं कुठे मेल्या? आण ती साखर इकडे."

त्या गावात कुणी दार लावून घेत नसे. ढकलायचं आणि आत यायचं. व्हर्लिनने मात्र त्या हिवाळ्यात दोन जाड कड्या ठोकल्या. आर्डिस हसेल म्हणून कॉफीच्या वेळेला तेवढ्या काढून ठेवी.

जानेवारीत बर्फाचा पाऊस झाला. तारा तुटल्या, फोन बंद, रस्ते बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी त्याचं दार ढकललं. उघडेना, तेव्हा लाथा बसू लागल्या. व्हर्लिन कुऱ्हाड घेऊन दाराच्या आत उभा राहिला. आले, त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याला जरा बरंही वाटलं. इतकी वर्षं आपण म्हणत होतो ते काही वेडेपणाचं नव्हतं. लाथा थांबल्या. पावलं घराला वळसा घालून गेली. मग काहीच नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही.

बऱ्याच वेळाने लाकडं आणायला त्याने मागचं दार उघडलं. पायरीखाली आर्डिस पडली होती. पाय भलत्याच बाजूला वळलेला, आणि बर्फावर खिमा, मटार, नूडल्स सांडलेल्या. वीज गेली की ज्याची चूल पेटते त्याने शेजाऱ्याला गरम पोचवायचं, ही तिथली जुनी रीत. दोन्ही हातांत तापलेलं भांडं, म्हणून दार बुटाने ठोकायचं. व्हर्लिनने स्वतः किती हिवाळे तसंच ठोकलं होतं! तेवढी एक गोष्ट त्याला आठवू नये?

खुब्याचं हाड मोडलं. आर्डिस पुन्हा घरी आलीच नाही; मुलाने घर विकलं आणि तिला वृद्धाश्रमात ठेवलं. व्हर्लिन पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा कोट न काढताच खुर्चीच्या टोकावर बसला.

"तुझं दार कधी लागलेलं नसतं," आर्डिस म्हणाली. "म्हटलं, हा आत पडलाबिडला की काय. म्हणून मागच्या दाराकडे धावले. झोपला होतास ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"जागा होतो. दाराच्या आतच उभा होतो. वाटलं, लुटायला आलेत."

आर्डिस कितीतरी वेळ मांडीवरच्या पांघरुणाची सुरकुती सारखी करत राहिली.

"अरे," ती म्हणाली, "निदान कोण आहे म्हणून विचारायचं तरी."