साहेबाची विहीर

उधवा गावातल्या आमच्या पाड्यावरच्या विहिरीवर आज पेंटर एका इंग्रज साहेबाचं नाव रंगवतोय. त्या ऑइल पेंटच्या वासाने डोकं उठलं आणि ती दुपार आठवली.

मी तेव्हा या घरात नवी सून होते. हाच साहेब, आता म्हातारा झालेला, जीपमधून उतरला. पूर्वी तो इथला मोठा अधिकारी होता. वेठीला माणसं धरून त्यानेच ही विहीर खोदून घेतली होती. पुढे महायुद्धात तो पोलिसांचा प्रमुख झाला, आणि विहीर खोदणाऱ्यांपैकीच एक, माझ्या सासूचा भाऊ गंग्या, त्याच्या कोठडीत मार खाऊन मेला.

सासूने साहेबाला तांब्याभर पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला आणि चक्क मराठीत म्हणाला, "चव अजून तशीच गोड आहे."

"मी गंग्याची बहीण," सासू म्हणाली.

त्याने कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. "कोण गंग्या?"

तेव्हा वाटलं, खोटं बोलतोय मेला. आता कळतं, त्याला खरंच आठवत नव्हतं.

"आजी, नाव नीट आलंय ना?" पेंटरने विचारलं.

"आलंय. त्याखाली गंग्याचंही लिही."

"मला एवढंच लिहायला सांगितलंय," तो म्हणाला आणि त्याने डबा बंद केला.