चप्पल, कांदा आणि डॉक्टरीणबाईंची मांजरं

ही वही कुणाच्या हाती पडलीच तर आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत, ऱ्हस्व-दीर्घ देवाच्या भरवशावर, आणि अक्षर बघून वाटेल की फीट येत असतानाच लिहिलंय. तसं नाही. ते नेहमीच असं आहे.

फीट मला लग्नानंतर यायला लागल्या, आणि आमच्या कोपरच्या चाळीत संशोधन सुरू झालं. सासूबाई चप्पल हुंगवायच्या, चुलत सासरे कांदा फोडायचे, शेजारच्या काकू मुठीत किल्ल्या कोंबायच्या. मी शुद्धीवर येते तर सगळ्यांचं भांडण.

"माझ्या चपलेनं उठली!"

"हट्, कांद्यानं!"

निदान कुणाची चप्पल नाकाशी आणू नये, एवढं मी सांगू शकले असते. पण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा आलेख काढायला सांगितला. तिथलं मशीन बंद, म्हणून बाहेरून. त्याशिवाय नेमकी गोळी ठरेना. सासूबाईंनी आलेखाचे पैसे उचलले आणि विठ्ठलवाडीच्या एका बाबाला दिले. बाबाने ताईत बांधला. वर गॅरंटी, फीट आली तर सगळे पैसे परत.

फीट आलीच. बाबा म्हणाला, "आली, पण लगेच थांबली ना? ताईतानेच."

आलेखाशिवाय पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, गोष्टच सांगत बसल्या. पूर्वी परदेशातही लोक ह्याला भूतबाधा म्हणायचे. मग कुणी कुत्र्याच्या मेंदूला वीज लावली, कुत्र्याला झटके आले, तेव्हा जरा उजेड पडला. पुढे मांजरांना विजेचे झटके देऊन औषधं तपासली. "आधी औषध न देता काय होतं ते बघायचं, मग देऊन. नाहीतर कळणार कसं? फीट बहुतेक वेळा आपली आपणच थांबते, आजी."

"मांजराला कुणी चप्पल हुंगवली नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो."

घरी येताच सासूबाईंनी खिळ्यावरचं घड्याळ उतरवून माझ्या अंथरुणाशी ठेवलं.

पुढची फीट मला आठवत नाही, आठवायचीही नसते. काकूंनी नंतर सांगितलं. सासूबाईंनी आधीच ताईत काढून ठेवला होता. सगळ्यांना दाराबाहेर काढलं, मला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघत बसल्या. कांदा घेऊन आलेल्या चुलत सासऱ्यांना म्हणाल्या, "तो भाजीत घाला."

ताईत असताना लागला होता, तेवढ्याच वेळात फीट थांबली.

दुसऱ्या दिवशी बाबाकडे भली मोठी रांग होती. सासूबाई रांगेच्या तोंडाशी उभ्या राहून ओरडल्या, "ताईत काढला होता, बाबा! तरी तेवढ्याच वेळात थांबली. मग तुझा ताईत करतो काय?"

रांगेतल्या एका बाईने आपल्या पोराच्या गळ्यातला ताईत उलटसुलट करून बघितला. बाबाने घाईघाईने अर्धे पैसे काढले आणि उरलेल्या पैशांसाठी हात जोडले. त्यानंतर सासूबाई दर गुरुवारी जाऊन त्याच्या पायरीवर बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला मांजरांची गोष्ट सांगायच्या. दिवाळीच्या आधी बाबाने राहिलेल्या नोटा त्यांच्या हातात ठेवल्या. त्यांनी तिथेच, रांगेसमोर, थुंकी लावून मोजल्या. पैसे पूर्ण होते. तिथून आम्ही दोघी थेट आलेख काढायला गेलो.