तंबाखूचे मोजे आणि फेसाचं घरटं

लोक सुट्टीत वाघ बघायला जातात, आम्ही बेडूक बघायला गेलो. शाळेच्या स्टाफरूममध्ये यावरून माझी दोन दिवस चेष्टा चालली होती. पण माझ्या अकरा वर्षांच्या ईश्वरीनं वर्षभर एकच धोशा लावला होता. आपल्या घाटात एक हिरवा बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो, आणि आतली पिल्लं मोठी झाली की खालच्या पाण्यात टपाटप पडतात. ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी पावसाळ्यातच जावं लागतं. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून गाडी मी काढली. मागच्या सीटवर आक्का, म्हणजे माझी आई.

आक्कानं निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं जर्दा चाळला. त्या मजुरीवर मी शिकले, मास्तरीण झाले. सहलीला म्हणून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती, त्यामुळे तयारीत कुठं कमी पडू नये असं तिला फार वाटत होतं. जंगलात जळवा असतात हे कळल्यावर तर तिनं मनावरच घेतलं. कुठून तरी तंबाखूचा चुरा आणला, उकळला आणि त्या पाण्यात जाड मोज्यांचे तीन जोड भिजवून गच्चीवर वाळवले. ईश्वरीनं वासानंच नाक मुरडलं आणि ते घालायला साफ नकार दिला. मी मात्र घातले. एक तर आक्काचं मन मोडवेना, आणि दुसरं म्हणजे जळवांना मी जाम घाबरते.

निपाणी ते बेळगाव हायवेनं दीड तास. पुढं जाणार असाल तर पेट्रोल बेळगावातच भरा, रोख पैसेही तिथंच काढा. जांबोटीपर्यंत रस्ता बरा आहे. तिथून कणकुंबीकडे खड्डे आणि धुकं यांची स्पर्धा लागते. मोबाइलची रेंज मध्येच कुठं तरी गळून पडली आणि ईश्वरीला त्याचा पत्ताही लागला नाही, यातच सगळं आलं.

आमचा मुक्काम कणकुंबीजवळ परशरामअण्णांच्या घरी होता. भातशेती करतात, दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि गावच्या वाटांवरून फिरवून आणतात. अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकत नाहीत. मोठ्यांचे दीड हजार, मुलांचे निम्मे, त्यात जेवणखाण आलं. पहिल्या दिवशी नाचणीची भाकरी, कुळथाची आमटी आणि टाकळ्याची भाजी होती. आक्कानं चुलीपुढं बसून अण्णांच्या बायकोशी तासाभरात असं गूळपीठ जमवलं, की पाहुणे आम्ही आणि घरची ती असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना अण्णांनी सगळ्यांना एकच विचारलं. अंगाला काही लावलंय का? बाम, तेल, फवारा, काहीही? बेडूक कातडीनं पाणी पितो, म्हणाले, तुमच्या अंगावरचं उद्या त्याच्या पोटात जातं. जळू चिकटली तर नखानं सरकवायची, मीठसुद्धा टाकायचं नाही. मला पायातले मोजे आठवले. पण आक्का शेजारीच उभी होती आणि पायाखालचा चिखल जळवांनी वळवळत होता. मी मूग गिळून गप्प बसले. आक्काला निघायच्या गोंधळात प्रश्न ऐकूच आला नव्हता, हे मला नंतर कळलं.

अर्धा तास चालल्यावर कातळातलं एक डबकं लागलं. न्हाणीघराएवढं असेल. त्यावर झुकलेल्या फांदीला ताकावरच्या फेसासारखा पांढरा गोळा लोंबत होता. ईश्वरी श्वास रोखून काठावरच थांबली. डबक्यात आधी पडलेली पिल्लं शेपट्या हलवत होती. मला मात्र फोटो जवळून हवा होता. मी सरळ पाण्यात उतरले.

माझ्या घोट्याभोवती चहाच्या रंगाचं पाणी पसरायला लागलं. अण्णांनी आवाज न चढवता विचारलं, "मॅडम, पायात काय हाय?"

मोज्याचा रंग जातोय, असं मी म्हणाले. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी मी, किती पटकन म्हणाले ते माझं मलाच अजून पटत नाही.

"रंग न्हाय त्यो," काठावरच्या दगडावरून आक्का म्हणाली. "तंबाकूचं पाणी हाय. मीच भिजवलेत मोजे. भाईर काढा हिला आदी. वखारीतली पोती धुतलेलं पाणी वड्यात गेलं की मासं वर यायचं. मी बगितलंय."

मी बाहेर आले. शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि ईश्वरी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. दोन पिल्लं उताणी पडली होती. वरच्या घरट्यातली पिल्लं तर आज ना उद्या याच पाण्यात पडणार होती. अण्णांनी जास्त काही सुनावलं नाही. बरोबर आणलेल्या डब्यांतली पोळी-भाजी केळीच्या पानावर काढली आणि डबे आमच्या हातात दिले. ईश्वरीनं हलणारी पिल्लं एकेक करून झाकणात घेतली आणि वरच्या स्वच्छ डबक्यात सोडली. अण्णांनी शेजारच्या ओहोळाचं पाणी दगड लावून इकडं वळवलं. आक्कानं आपले मोजे काढून पिशवीत कोंबले, लुगडं खोचलं आणि अनवाणी पायांनी काठावर बसून ते तपकिरी पाणी उपसायला लागली. सत्तरीची बाई, तासभर थांबली नाही. तिच्या पोटऱ्यांवर चार जळवा लागल्या, त्या ईश्वरीनंच नखानं सरकवल्या.

पाणी निवळल्यावर आम्ही मागं सरून बसलो. बऱ्याच वेळानं फेसाचा गोळा जरा थरथरला आणि एक पिल्लू पडलं. ते पाण्यात नुसतंच पडून राहिलं. मग त्यानं शेपटी हलवली आणि दगडाखाली पसार झालं. ईश्वरी आजीच्या कुशीत शिरून रडली. अण्णा म्हणाले, राहिलेल्यांचं काय होईल ते सांगता येत नाही, दोन दिवस पाऊस झाला तर बरं.

मुलांना घेऊन अशा ठिकाणी जरूर जा. साध्या कापडी पट्ट्या पायाला गुंडाळा, अंगाला काही लावू नका. वाटाड्यानं विचारलं की खरं सांगा. पाण्यात उतरू नका. हे सगळं मला आधीही माहीत होतं.

परतीच्या वाटेवर ईश्वरी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर आक्का न्हाणीतल्या चुलीत ते मोजे जाळायला निघाली, तशी ती आजीच्या पुढ्यात जाऊन बसली.

"आजी, थोड्याशा पाण्यानं पिल्लं मेली. तू तीस वर्षं त्यात होतीस. तुला काय व्हायचं?"

आक्कानं हातातले मोजे खाली ठेवले. मग म्हणाली, "पयल्या म्हैन्यात रोज वकायची गं. चक्कर यायची. तुझी आई पोटात व्हती तवा दोनदा पडले. मग सवय झाली."

मी दारात उभी होते. एक्केचाळीस वर्षांची आहे मी. त्या तंबाखूवर शिकले, नोकरीला लागले, आक्काच्या हातांचा वास लहानपणापासून ओळखते. पण हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता. गाडीतलं सामान तसंच ठेवून मी त्या दोघींजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, आक्का, पहिल्यापासून सांग.