केवळाबाईचा सूर

केवळाबाई बोलायला लागली की मोंढ्यामागच्या सगळ्या गल्लीला ऐकू जायचं, आणि गायला लागली की गल्ली आपणहून गप्प व्हायची. अंगणवाडीत पोरं सांभाळण्यात तिची उमर गेली होती. आवाज मोकळा, धाक मोठा. तिच्या नवऱ्याचं नाव श्रीमंत; तो अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी. दिवसभर काट्यापाशी उभं राहून सोयाबीनची, तुरीची मापं ओरडायची आणि घरी आलं की गप बसायचं, अशी त्याची राहणी. घरात बोलायचं खातं बायकोकडं होतं. देवाशी बोलायचंही तिच्याचकडं.

दोघंही ख्रिस्ती घरातलेच. पण श्रीमंतचं ख्रिस्तीपण नाताळचा नवा सदरा आणि रविवारी चर्चमधला शेवटचा बाक एवढ्यावर भागायचं. केवळाबाईचं रोजचं काम होतं. पहाटे उठायचं, चूळ भरायची, चटई टाकायची. शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक पान, एक गीत, मग प्रार्थना. प्रार्थनेत ती गल्लीतल्या सगळ्यांची नावं घ्यायची, आणि काल ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याचं नाव आधी. शुक्रवारी एक वेळचा उपास, शनिवारी पांढरी साडी धुऊन इस्त्री. श्रीमंत चटईच्या कडेला डोळे मिटून बसायचा. त्यातला निम्मा वेळ तो झोपलेला असायचा, पण 'आमेन' मात्र बरोबर वेळेवर म्हणायचा. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं ही कला कमावली होती.

एकदा तो तिला म्हणाला होता, "एखाद्या दिवशी न्हाई केली प्रार्थना, तर देव काय रागावतो का?"

"देव न्हाई रागवत," ती म्हणाली, "मीच ढिली पडंन. बाजंची सुंभं रोज जरा जरा सैल होतात, कळतबी न्हाई. मंग एक दिवस माणूस खाली टेकतंय."

एका शनिवारी सकाळी ती भाकरी थापत होती. उजवा हात पिठातच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. श्रीमंतनं विचारलं, "काय झालं गं?" तिनं उत्तर दिलं, पण त्यात शब्द नव्हते, नुसता ओला आवाज होता. मग ती भिंतीला टेकली आणि हळूहळू कलत गेली.

श्रीमंतच्या आरोळीनं शेजारची नागम्मा धावत आली. भिंतीला भिंत लागून तिचं किराणा दुकान. ती लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, सोमवारी पक्की उपाशी. दोघी बायकांचं उपासावरून, नळाच्या पाण्यावरून, पाडव्याच्या आणि नाताळच्या फराळावरून आयुष्यभर वाजत आलेलं आणि तेवढंच जमतही आलेलं. नागम्मानं दुकानाचं शटर तसंच उघडं टाकलं, माल आणायचा टेम्पो काढायला लावला आणि केवळाबाईचं डोकं मांडीवर घेऊन लातूरचा दवाखाना गाठला.

जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. नांदेडला शाळेत शिकवणारी लेक ऋतुजा रजा टाकून आली. तिनं आईचा हात हातात घेऊन विचारलं, "आई, मला ओळखलंस ना?"

केवळाबाईनं ओठ हलवले, कपाळावर घाम आला, आणि शब्द बाहेर पडला: "हाव."

सगळ्यांना हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी कळलं, तिच्याकडं होकाराचा तेवढा एकच शब्द उरला होता. चहा पाहिजे का? हाव. नको का? हाव. पाणी मागायचं तरी हाव, राग आला तरी हाव. डोळ्यांत सगळं असायचं आणि तोंडातून तेच यायचं. मग ती स्वतःवरच चिडून डावी मूठ खाटेवर आपटायची.

घरी आणल्यावर चर्चची माणसं आली. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, बायांनी गीतं म्हटली. केवळाबाई तोंड भिंतीकडं करून पडून राहिली. आठ-पंधरा दिवस माणसांची ये-जा राहिली, मग ज्याचा तो कामाला लागला. ऋतुजाची रजाही संपली. जाताना तिनं बापाला गोळ्यांच्या वेळा पुन्हा पुन्हा सांगितल्या.

ती गेल्यावरची पहिली पहाट. श्रीमंत पडून होता. आता पहाटे कशाला उठायचं, असं त्याच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं. तेवढ्यात ठण्ण असा आवाज झाला. पुन्हा ठण्ण. त्यानं वळून पाहिलं तर केवळाबाई खाटेवर कशीबशी उठून बसली होती आणि डाव्या हातानं औषधाचा चमचा वाटीवर आपटत होती. तिची नजर कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या चटईवर होती.

"पाणी पाहिजे?"

"हाव!" असं ओरडून तिनं जोरानं नकाराची मान हलवली.

श्रीमंतला कळलं. त्यानं चटई पसरली, तिला धरून खाली बसवलं, शास्त्र उघडलं. वाचताना तो चौथीतल्या पोरासारखा ओळीवर बोट ठेवून अडखळला. मग प्रार्थनेची वेळ आली. इतकी वर्षं त्यानं फक्त शेवटचा शब्द म्हटला होता. सुरुवात कशी करतात हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"देवा," तो म्हणाला आणि थांबला. "देवा, मी श्रीमंत बोलायलोय. मोंढ्यातला. तुला माहीतच हाय म्हणा. ही बोलायची, मी ऐकायचो. आता हिचं बंद पडलं. मला काय बोलता येत न्हाई. तू समजून घे." मग त्याला आठवलं, ती नावं घ्यायची. त्यानं नागम्माचं घेतलं, ऋतुजाचं घेतलं, काट्यावर रोज खोटं भांडण काढणाऱ्या एका अडत्याचं घेतलं. डोळे उघडले तर केवळाबाई त्याच्याकडं पाहत होती. गालावरून पाणी ओघळत होतं.

"आमेन म्हण," तो म्हणाला.

"हाव," ती म्हणाली.

लातूरला बोलणं शिकवणाऱ्या शिवकन्या मॅडम होत्या. वयानं ऋतुजाएवढ्या. त्यांनी केवळाबाईला तपासलं आणि श्रीमंतला समोर बसवून सांगितलं, "काका, काकूंना सगळं समजतंय. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय. रोज बसवायचं. थोडंच, पण रोज. आणि शब्द तुम्ही तोंडात घालायचा नाही. त्या शोधत असतील तोवर थांबायचं."

"किती थांबायचं?"

"तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त." त्या हसल्या. "आणि गाणं म्हणायला लावा. बोलता येत नाही अशा काहींना गाता येतं."

"ही गाणारीच हाय, मॅडम. चर्चमधी हिनं सूर धरल्याबिगर गीत सुरू होत न्हाई."

केवळाबाईनं मान खाली घातली.

श्रीमंतनं ते मनावर घेतलं. मोंढ्यातून आला की हातपाय धुऊन तिच्यासमोर बसायचा. तांब्या दाखवायचा, चमचा दाखवायचा, आणि वाट पाहायचा. वाट पाहणं इतकं अवघड असतं हे त्याला पन्नास किलोचं पोतं उचलतानाही कधी कळलं नव्हतं. तिच्या ओठावर 'ता' येऊन अडायचा, आणि त्याच्या जिभेवर सबंध तांब्या तयार असायचा. तो जीभ चावून गप्प बसायचा. कधी आला शब्द तर आला. बहुतेक वेळा नाहीच. पण गायला मात्र ती काही केल्या तयार होईना. जिच्या गळ्यानं चर्च भरायचं तिला मोडकं गाणं बाहेर काढायची लाज वाटत होती. पहाटेच्या प्रार्थनेत गीताची जागा आली की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि ती जागा रिकामीच जायची.

असा हिवाळा गेला, उन्हाळा लागला. एके दिवशी श्रीमंतच कंटाळला. काट्यावर माप चुकलं म्हणून दिवसभर बोलणी खाल्ली होती, घरी येऊन तांब्या धरला तर केवळाबाई तोंड फिरवून बसली. "मंग बस तशीच!" तो ओरडला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्या रात्री दोघं जेवले, पण एकमेकांकडं पाहिलं नाही.

पहाटे मात्र त्याला आपोआप जाग आली. चटई टाकली, वाचन झालं, गीताची जागा आली. काल ओरडल्याचं मनात टोचत होतं. काय करावं न सुचून त्यानंच सुरू केलं. तिचं सगळ्यात आवडतं गीत:

"धर हात माझा, मेंढपाळा, पाऊल माझे अडखळे..."

श्रीमंत गायला असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि ते बरंच झालं होतं. सूर एकीकडं, तो दुसरीकडं. 'मेंढपाळा' त्यानं अशा उंचीवर नेलं की तिथून खाली यायची वाटच राहिली नाही. गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. केवळाबाईनं डोळे घट्ट मिटले. कपाळाला आठी पडली. डावा हात वर गेला, थांब म्हणून. तो थांबला नाही. दुसरी ओळ त्यानं त्याहून वाकडी उचलली.

आणि मग तिला सहन झालं नाही. त्याचा आवाज दाबून तिचा आवाज निघाला, घोगरा, थरथरता, पण नेमका सुरात:

"धर हात माझा, मेंढपाळा..."

शब्दांसकट. एकही न अडखळता. श्रीमंतचं तोंड उघडंच राहिलं. ती स्वतःही दचकली, पण थांबली तर हातातून निसटेल अशा भीतीनं पुढं गात राहिली. कडवं पुरं झालं तेव्हा दारात नागम्मा उभी होती, ओल्या केसांनी, हातात विभूतीची वाटी तशीच.

"केवळाबाई!" ती म्हणाली. "मी आपल्या पूजेला बसले होते. कानावर इश्वासच बसंना!"

"हाव," केवळाबाई म्हणाली, आणि तिघंही हसायला लागली.

तिथून वाट उघडली, पण सरळ नव्हती. शिवकन्या मॅडमनी सुरात बोलायला शिकवलं. केवळाबाई चहा मागायची तीही चालीत. हळूहळू चाल गळायला लागली आणि शब्द राहायला लागले, एक एक, दोन दोन.

कापणीच्या सणाला चर्चमध्ये ज्वारीची कणसं, भोपळे, तुरीच्या शेंगा घेऊन माणसं आली. पाळकसाहेबांनी कौतुकानं केवळाबाईला गीत धरायला सांगितलं. ती काठी टेकत उभी राहिली. पहिली ओळ छान झाली. दुसऱ्या ओळीला शब्द सटकला. तिनं पुन्हा घेतली, पुन्हा तिथंच. मागच्या बाकावरून दोन मुली हसल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण हसल्या. केवळाबाई खाली बसली आणि पदर तोंडावर घेतला.

घरी येऊन ती म्हणाली, "न्हाई... जाणार. आता."

समजावण्यात श्रीमंत कधी हुशार नव्हता. आठवडा तसाच गेला. शनिवारी त्यानं तिची पांढरी साडी धुतली, वाळवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा इस्त्री हातात धरली. काठाला एक घडी तिरकी पडली. ती मोडावी कशी हे त्याला कळेना, म्हणून त्यानं त्याच्यावरच दुसरी पाडली. केवळाबाई खाटेवरून पाहत होती.

"अशी... न्हाई," ती शेवटी म्हणाली. "आण... इकडं."

डाव्या हातानं तिनं साडी पुन्हा इस्त्री केली. रविवारी नेसली. त्या दिवशी श्रीमंत शेवटच्या बाकावर बसला नाही, तिच्या शेजारी बसला. गीत दुसऱ्यांनी धरलं. ती मधूनमधून गायली, जिथं शब्द सुटला तिथं गप्प राहिली, पुढं सापडला की पुन्हा मिसळली. कुणी मागं वळून पाहिलं नाही. उपासना संपल्यावर त्या दोन मुली येऊन तिच्या पाया पडल्या. तिनं त्यांच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "हसा. गा. दोन्ही."

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. केवळाबाई तीन-चार शब्दांचं बोलते, उजवा पाय ओढत चालते, आणि पहाटेची प्रार्थना दोघं वाटून करतात. नावं श्रीमंत घेतो. एखादं राहिलं की ती कोपर मारते.

मागच्या उन्हाळ्यात नागम्माच्या दिराला, गुरुपादप्पाला, असाच झटका आला. बी-बियाणाचं मोठं दुकान, चार माणसांना उभ्या उभ्या हुकूम सोडणारा माणूस. तोंड बंद झालं तसा तो कुणालाही जवळ येऊ देईना, ताट भिरकावून द्यायचा. नागम्मा केवळाबाईकडं येऊन रडली. तेव्हापासून केवळाबाई रोज दुपारचं ऊन कलल्यावर काठी घेऊन निघते. श्रीमंत मोंढ्यातून सुटला की तिला आणायला तिथंच जातो.

पहिल्या दिवशी गुरुपादप्पानं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही. केवळाबाई समोर बसून राहिली. तिला त्याचं दुखणं आतून माहीत होतं. कुणी काही बोललेलं नको असतं, आणि कुणी उठून गेलेलंही नको असतं. मग एक दिवस तिनं नागम्माला खूण केली. नागम्मानं त्याच्या लहानपणापासूनचं शिवाचं भजन सुरू केलं. केवळाबाई त्या भजनाला मांडीवर ताल धरून बसली. गुरुपादप्पाचे ओठ हलले. आवाज फुटला नाही, पण ओठ हलले.

श्रीमंत दारात उभा राहून पाहत होता. गुरुपादप्पाची बायको अंबिका केवळाबाईजवळ आली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कवा बोलतील हो हे? तुमच्यासारखं?"

केवळाबाई शब्द शोधायला लागली. अंबिका मध्ये काही बोलणार, तोच श्रीमंतनं हात वर करून तिला थांबवलं. सगळे थांबले. गुरुपादप्पासुद्धा तिच्या तोंडाकडं पाहत राहिला.

"म्हाईत... न्हाई," केवळाबाई म्हणाली. मग काठी हातात घेऊन उठता उठता तिनं गुरुपादप्पाच्या लुळ्या हातावर आपला हात ठेवला. "मी उद्या... येते."

आणि दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर ती काठी घेऊन निघाली.