व्याह्यांची गोळी आणि भरलेली जीप

अख्ख्या जुन्नर तालुक्यात गोळ्या खाव्यात तर आमच्या घाटघरच्या व्याह्यांनीच. माझी लेक त्यांची सून, म्हणून सांगत नाही. बाकीचे लोक तोंड वाकडं करून गोळी गिळतात. हे टोपी घालून, मांडी घालून बसतात आणि आल्यागेल्याला एकेका गोळीची ओळख करून देतात. ठोके ताळ्यावर ठेवणारी बारीक पांढरी म्हणजे थोरली सून, डोळ्यात भरत नाही पण घर तिच्यावर चालतं. अंगातलं पाणी काढणारी म्हणजे जावई, आला की सगळ्यांची पळापळ. हृदय दमलंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा "दमंल न्हाईतर काय, जन्मभर चढच चढवलेत म्या त्याला," असं ह्यांनी सुनावलं. रोज सकाळी भाताच्या पोत्यांच्या काट्यावर उभे राहतात, कारण रातोरात वाढलेलं वजन म्हणजे पाणी, मांस नव्हे. मी चौथीतून शाळा सोडलेला, ही विद्या त्यांच्याकडूनच शिकलो.

खोड एकच. आमच्या नारायणगावला यायचं असलं की जावयाला, म्हणजे त्या पाण्याच्या गोळीला, सुट्टी. भरल्या जीपमध्ये बायांसमोर लघवीसाठी गाडी थांबवायला सांगणं त्यांच्या मानात बसत नव्हतं. आमच्या दोघांच्या नातीचं लग्न नारायणगावातच ठरलं, बोलणी, बस्ता, साखरपुडा अशा फेऱ्या लागल्या आणि गोळी राहतच गेली. साखरपुड्यात पाय सुजून जोड्यात मावेनात, धाप लागून बोलवेना, तरी गडी ताठ. मीही काही कमी हट्टी नाही, धरून दवाखान्यात नेलं. पुन्हा गोळी चुकवलीत तर लग्न बघाल याची हमी नाही, असं डॉक्टर बोलले. व्याही खाली बघून म्हणाले, "जीपमधी बायामाणसं असत्यात, डॉक्टर."

लग्नाच्या सकाळी मी मुद्दाम घाटघरला जाऊन जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसलो. जीप पाहुण्यांनी खच्चून भरलेली. अर्ध्या वाटेत त्यांची चुळबूळ सुरू झाली. मी तोंड उघडणार, तर त्यांनी हातानंच गप्प केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबव रं गाडी. म्या गोळी खाल्लीय."

गाडी थांबली. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "बरं झालं बोललात राव, मी कवाचा दम धरून बसलोय." बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि सगळे म्हातारे एकापाठोपाठ उतरले. आमचे व्याही सगळ्यांच्या पुढं, शिवेची पाहणी करायला निघाल्यासारखे.

त्यांनी नातीवर अक्षता टाकल्या. जीपचा किस्सा मी मांडवात ज्याला त्याला छाती फुगवून सांगितला. एवढंच सांगितलं नाही, की परत जीपमध्ये चढताना मी हात पुढं केला, तर कधी कुणाचा आधार न घेणाऱ्या त्या माणसानं तो धरला आणि मांडव येईस्तोवर सोडला नाही.